आतले चाक, बाहेरचे चाक

रमजानच्या आधी भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामू, गाडीत एलएसडी टाकायचंय." मी क्षणभर गप्प. इतिहासावर लिहिणाऱ्या माणसाला एलएसडी म्हटले की साठच्या दशकातले हिप्पी आठवतात, आणि आमचा भाचा तर पाच वक्तांचा नमाजी. तो हसला आणि म्हणाला, "मामू, ते नाही. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल."

भाचा चाकणला एका कारखान्यात नोकरी करतो. त्याच्याकडे जुनी पोलो आहे. तीही चाकणलाच तयार झालेली. आठवड्यातले सहा दिवस तिने कामावर जायचे आणि वर्षातून दोन-तीनदा मित्रांबरोबर ती कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर न्यायची, हा त्याचा शौक. वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबला की आतले पुढचे चाक जागेवर भिरभिरते, टायर जळतो आणि गाडी वळणाबाहेर सरकते, ही त्याची तक्रार. त्यावर तीन सल्ले मिळाले होते. एकाने प्लेटवाले एलएसडी घे म्हणून सांगितले, दुसऱ्याने गिअरवाले. तिसरा म्हणाला, पैसे कशाला घालवतोस, आहे तेच डिफरन्शिअल वेल्डिंग करून टाक.

"तुम्ही नानांच्या गॅरेजात वाढलात," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा."

गॅरेजात वाढलो हे खरे, पण मिस्त्री झालो नाही. तरीही वेल्डिंगचा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्याचे कारण आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त या पिढीला कुणी नीट सांगितलेले नाही. ते सांगायचे तर आधी शेलूबाजारच्या चौफुलीवर यावे लागेल.

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता आणि जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता इथे एकमेकांना कापतात. अब्बांचे गॅरेज याच रस्त्यावर होते. गॅरेज म्हणजे काय, चार टिनपत्रे, एक लिंबाचे झाड आणि तेलाने काळी झालेली जमीन. मंगरूळपीरच्या दादाहयात कलंदरांच्या दर्ग्याला जाणाऱ्या जीपा, कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, एसटीच्या मागे धूर गिळत येणारे ट्रक, सगळे इथूनच वळायचे. हे वळणे किती अवघड काम आहे हे मला अब्बांनी सात-आठ वर्षांचा असताना दाखवले.

त्यांनी एका जीपचा मागचा भाग जॅकवर उचलला, दोन्ही चाके अधांतरी केली, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि मला म्हणाले, "डावे चाक पुढे फिरव." मी फिरवले. पलीकडचे उजवे चाक आपोआप उलटे फिरू लागले. मला वाटले पलीकडे कुणी बसले आहे. वाकून पाहिले तर कुणी नाही. अब्बांनी मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या लोखंडी गोळ्यावर पाना वाजवला. "यह अंदर बैठा है," ते म्हणाले.

त्या गोळ्यात बसलेले ते डिफरन्शिअल. चौफुलीवर गाडी काटकोनात वळली आणि तिच्या दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असले, तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साधारण २.३५ मीटर जास्त चालावे लागते. वळण मोठे असो की लहान, काटकोनाला हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर एकाला तरी रस्त्यावर घासत जावे लागणार. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना द्यायचा आणि वेगवेगळ्या गतीने फिरायची मुभाही द्यायची, एवढेच या यंत्राचे काम.

आमच्या बैलगाडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिचा आस फिरत नाही, चाके आपापल्या तुंब्यावर सुटी फिरतात. जोर बैलांच्या खांद्यातून येतो, चाकांतून नाही. कारंज्यावरून यवतमाळला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेने वेगळीच वाट काढली होती, जी सगळ्याच रेल्वेगाड्यांची असते. तिथे दोन्ही चाके आसाला पक्की ठोकलेली, पण त्यांचा पृष्ठभाग किंचित उतरता. वळणावर गाडी बाहेर सरकली की बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर चालते आणि आतले लहान व्यासावर. १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन ओढत असलेली ती गाडी या उतरत्या चाकांवरच वळत राहिली. पण रूळ नसलेल्या रस्त्यावर, इंजिनाने चाक फिरवायचे, तिथे या दोन्ही युक्त्या चालत नाहीत.

वाफेची गाडी रस्त्यावर चालवू पाहणाऱ्यांना ही अडचण पहिल्यांदा भेडसावली. पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच कारागिराने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शिअलचे पेटंट घेतले. पन्नास वर्षांनी, १८७७ मध्ये, इंग्लंडच्या कोव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली याने ते तीनचाकी सायकलीला लावले. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या पेटंट मोटारीतही ते होते. म्हणजे मोटार जन्मली ती डिफरन्शिअल सोबत घेऊनच.

पण या मुभेला एक खोट आहे, आणि आमच्या काळ्या मातीत ती पहिल्या पावसातच उघडी पडते. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, नेहमी सारखा वाटते. ऐकायला न्याय वाटतो. आता एक चाक डांबरावर आहे आणि दुसरे चिखलात. चिखलातल्या चाकाला १०० एकक टॉर्कच पेलवतो, त्याहून जास्त दिला की ते भिरभिरते. मग डांबरावरच्या चाकालाही १०० च मिळतात, त्याची ताकद ५०० पेलायची असली तरी. एक चाक पूर्ण अधांतरी गेले तर त्याच्या वाट्याला जवळपास शून्य, म्हणून दुसऱ्याच्याही वाट्याला शून्य. इंजिन ओरडते, एक चाक चिखल उडवते, दुसरे थंड उभे आणि गाडी तिथेच. सोयाबीनच्या दिवसांत आमच्याकडे हे दृश्य रोजचे. काळी माती भिजली की फुगते आणि साबणासारखी गुळगुळीत होते. तेव्हा जीपवाला खाली उतरून चाकाखाली तुराट्या टाकायचा. आमच्याकडचे सर्वात स्वस्त एलएसडी तेच.

जीपचा विषय निघाला म्हणून एक आडवाट. अब्बांच्या गॅरेजात येणाऱ्या बहुतेक जीपा महिंद्राच्या. त्या कंपनीचे पहिले नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते, हे मला फार उशिरा कळले. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ती पोलादाच्या व्यापारासाठी काढली. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. इंग्रजी आद्याक्षरे तीच राहिली. पुढे विलीसच्या परवान्याने ही कंपनी जीप जोडू लागली आणि ती जीप आमच्या चौफुलीवर पोहोचली. अब्बांना मी हे सांगितले तेव्हा ते वंगणाचे हात पुसत म्हणाले, "अच्छा," आणि पुन्हा क्राउन-पिनियनमध्ये डोके घातले. त्यांना नावापेक्षा दातांची चिंता जास्त होती.

ट्रॅक्टरवाल्यांनी चिखलाचा प्रश्न सरळ सोडवला. ट्रॅक्टरला डिफरन्शिअल लॉक असते. टाचेजवळचा पायटा दाबला की आतले गिअर एकमेकांना कुलूप लागल्यासारखे बांधले जातात. दोन्ही चाके एकाच दांड्यावर असल्यासारखी फिरतात, ज्याला पकड आहे ते चाक ओढून नेते. पाय काढला की स्प्रिंग कुलूप सोडवते. नियम एकच : लॉक फक्त सरळ चालताना. वळण्याआधी सोडायचे.

१९८७ च्या खरिपात चाचा शेतातून ट्रॉली घेऊन निघाले. धुऱ्याजवळ चाक रुतले, त्यांनी लॉक दाबले आणि ट्रॅक्टर बाहेर निघाला. पायट्याखाली चिखल साचून सुकलेला होता. तो साफ करायचे आमच्याकडून राहून गेले होते, यात कुणाचा दोष असेल तर आमचाच. चाचांनी पाय काढला, पायटा वर आला नाही, आणि त्यांच्या ते लक्षात आले नाही. रस्त्यावर चढताच त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवले. पुढची चाके वळली, पण ट्रॅक्टर वळला नाही. मागची दोन मोठी चाके एकाच गतीने ढकलत होती आणि डांबरावर त्यांना घसरायला जागा नव्हती. ट्रॅक्टर सरळ जाऊन पलीकडच्या नाल्यात पडला. चाचांना अकोल्याला नेले; तेव्हा आमचा जिल्हाही अकोलाच होता, वाशीम वेगळा व्हायला अजून अकरा वर्षे होती. चाचा वाचले. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

म्हणून वेल्डिंगचा शब्द ऐकून मला घाम फुटला. वेल्ड केलेले डिफरन्शिअल म्हणजे कायमचे दाबून ठेवलेले लॉक. फक्त धूळ-मातीच्या शर्यतीसाठी ठेवलेल्या मागच्या चाकांच्या गाडीला ते कधी काळी लोक करत आले आहेत, स्वस्तातला उपाय म्हणून. पण पुढच्या चाकांनी ओढणारी आणि त्याच चाकांनी वळणारी गाडी, तीही रोज चाकणच्या गर्दीत चालवायची? भाच्याला मी चाचांची गोष्ट पहिल्यांदा तेव्हा सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे मामू, तो पर्याय गेला. उरले दोन."

या उरलेल्या दोघांच्या मागे शर्यतीचा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो तोही एक चाक भिरभिरण्यापासूनच.

फर्डिनंड पोर्शे यांनी १९३२ पासून एका ग्रां प्री गाडीचा आराखडा आखला. ती पुढे ऑटो युनियन या जर्मन कंपनीने पळवली. १९३४ पासूनच्या नियमाप्रमाणे गाडीचे वजन ७५० किलोच्या आत हवे. तेवढ्या हलक्या गाडीत त्यांनी चालकाच्या पाठीमागे सोळा सिलिंडरचे इंजिन बसवले, जवळपास ३०० अश्वशक्तीचे. ताकद इतकी की ताशी १६० किलोमीटरपर्यंतच्या वेगातही मागचे एक चाक सुटून भिरभिरायचे. आमचा जीपवाला चिखलात जे पाहत होता, तेच हे लोक कोरड्या रस्त्यावर पाहत होते. १९३५ मध्ये पोर्शेंनी हे काम झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीवर सोपवले. तिने दोन उंचसखल कड्यांमध्ये सरकणाऱ्या खिट्ट्या बसवल्या. चाकांच्या गतीत फरक पडू लागला की खिट्ट्यांना त्या चढउतारांवरून घासत जावे लागे, आणि ते घर्षणच सुटणाऱ्या चाकाला आवरे. पूर्ण कुलूप नाही, पूर्ण मोकळीकही नाही. मर्यादित घसरण, हा शब्द इथून अर्थपूर्ण होतो.

गंमत अशी की शर्यतीसाठी जन्मलेले हे यंत्र लवकरच चिखलात उतरले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कराची क्यूबेलवागन ही फोक्सवॅगनची हलकी गाडी फक्त मागच्या दोन चाकांनी चालायची, तरीही बऱ्याच वाईट वाटेने जायची, कारण तिच्यात झेडएफचेच स्वतः आवळले जाणारे डिफरन्शिअल होते. ट्रॅक आणि चिखल हे दोन टोकांचे वाटतात. डिफरन्शिअलला त्यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त एवढेच कळते की एका चाकाची पकड दुसऱ्यापेक्षा कमी झाली.

अमेरिकेत १९५६ मध्ये पॅकार्डने आपल्या मोटारीत हे यंत्र दिले, आणि पाठोपाठ इतर कंपन्याही आल्या. तिथे कारण शर्यतीचे नव्हते, बर्फाचे होते. या अमेरिकी यंत्रात घर्षणाच्या चकत्या होत्या, क्लच प्लेटसारख्या एकावर एक रचलेल्या. जोर आला की आतला दांडा उतरत्या खाचेत सरकतो, चकत्या दाबतो आणि दोन्ही बाजू एकमेकांना बांधल्या जातात. खाचेचा कोन बदलला की आवळण्याची ताकद बदलते. शर्यतवाल्यांना हे फार आवडले, कारण प्रत्येक ट्रॅकप्रमाणे ते जुळवता येते. फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर आवळणारे, अॅक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढेच आवळणारे आणि या दोहोंच्या मधले, असे त्याचे प्रकार झाले. भाच्याला एका मित्राने सांगितलेले ते हेच.

गिअरवाल्या प्रकाराचा बाप व्हर्नन ग्लीसमन हा अमेरिकी माणूस. १९५८ चे त्याचे पेटंट. त्याला चकत्यांचे घर्षण नको होते, कारण चकत्या झिजतात. त्याने तिरप्या दातांचे गिअर अशा रीतीने बसवले की जोर आला की ते आपल्याच घरावर दाबले जावेत आणि तेच घर्षण कामाला यावे. टॉर्क ओळखणारे म्हणून त्याला टॉर्सेन नाव पडले. ऐंशीच्या दशकात आउडीने ते क्वात्रो गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये बसवले आणि त्याला जगभर ओळख मिळाली. इंग्लंडच्या क्वेफ कंपनीचे तिरप्या दातांचेच डिफरन्शिअल पुढच्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतीत गाजले.

एक तिसरी वाटही होती आणि ती आमच्या ओळखीच्या माणसाकडून गेली. हॅरी फर्ग्युसन हे नाव वऱ्हाडातल्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक असते, कारण मॅसी फर्ग्युसनच्या बॉनेटवर ते लिहिलेले असते. ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणी जोडायची पद्धत त्याचीच. याच माणसाने म्हातारपणी चारही चाकांना जोर देणारी मोटार करायचा ध्यास घेतला. तो १९६० मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या संशोधन कंपनीची पी ९९ ही गाडी स्टर्लिंग मॉसने इंग्लंडमध्ये ओल्टन पार्कला जिंकून दाखवली. विश्वविजेतेपदाची शर्यत नव्हती ती, पण फॉर्म्युला वनच्या मैदानात चारचाकी ओढीच्या गाडीने मिळवलेला तो एकमेव विजय. फर्ग्युसनच्या माणसांनी पुढे चिकट सिलिकॉन द्रवात चकत्या फिरवून घसरण रोखायची पद्धत वाढवली. ती मऊ आहे, पण चाक आधी घसरते आणि मग ती जागी होते. ट्रॅकवर सतत तापली की तिचा स्वभावही बदलतो. भाच्याला कुणी ती सुचवली नव्हती, ते बरेच झाले.

आपल्याकडे ट्रॅक म्हणजे फार काळ सोडून दिलेल्या धावपट्ट्या होत्या. मुंबईत जुहूच्या विमानतळावर, मद्रासजवळ शोलावरमला. शोलावरमची धावपट्टी महायुद्धातली. तिथे फियाट आणि अॅम्बेसेडर पळत, मागच्या चाकांच्या, साध्या डिफरन्शिअलच्या. मुंबईचे नझीर हुसेन यांनी १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू केली तेव्हा परदेशी संघांच्या गाड्या आपल्या लोकांनी जवळून पाहिल्या. पण रस्त्यावर विकत घेता येणाऱ्या देशी गाडीत हे यंत्र यायला बराच वेळ गेला. २०१५ च्या थारमध्ये मागे ईटनचे यांत्रिक लॉक आले. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार जोरात फिरू लागले की आतले वजनदार तुकडे केंद्रापासून बाहेर फेकले जातात, एक खिटी अडकते आणि कुलूप लागते. गाडी वेगात असली तर ते लागतच नाही. चाचांना हे दाखवले तेव्हा ते बराच वेळ हसले. "पाय काढायची आठवण यालाच राहते," ते म्हणाले. पुण्याच्या फोर्सच्या गुरखात मात्र पुढे-मागे दोन्हीकडे लॉक चालकाच्या हातात आहे. चिखलासाठी दोन्ही उत्तम. ट्रॅकसाठी दोन्ही निरुपयोगी.

आता भाच्याच्या गाडीकडे.

प्लेटवाले त्याला जास्त खुणावत होते. शर्यतवाले तेच वापरतात, असा युक्तिवाद. खरे आहे, पण शर्यतवाल्यांची गाडी ट्रेलरवर चढून ट्रॅकला येते आणि ट्रेलरवरून घरी जाते. त्याची पोलो मात्र सोमवारी सकाळी कंपनीच्या पार्किंगमध्ये वळायची असते. प्लेटवाल्यात सुरुवातीपासूनच थोडा दाब भरलेला असतो. हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना, चकत्या कटकट करतात, चाक उसळत घासते. त्यांना वेगळे तेल लागते, ते वरचेवर बदलावे लागते, आणि चकत्या झिजल्या की गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागतो. पुढच्या चाकांच्या गाडीत अजून एक गोष्ट : आवळणे आणि सुटणे सगळे स्टिअरिंगमधून हातात जाणवते. ओल्या रस्त्यावर एका चाकाखाली पाणी आणि दुसऱ्याखाली कोरडे डांबर असले की स्टिअरिंग हातातून हिसका मारते. ट्रॅकवर तो हिसका माहीत असलेला माणूस बसलेला असतो. चाकणहून परतताना रात्री दहाला, दिवसभर उभे राहून थकलेला माणूस बसलेला असतो.

गिअरवाले यापेक्षा सभ्य आहे. नेहमीच्या गिअर तेलावर चालते, झिजायला त्यात चकत्या नाहीत, पार्किंगमध्ये ते आहे हे कळतही नाही. वळणातून बाहेर पडताना मात्र ते गाडीला आत ओढते. त्याचे गणित असे : घसरणाऱ्या चाकाला जेवढे पेलवते त्याच्या अडीच-तीन पट ते पकड असलेल्या चाकाला देऊ शकते. मघाच्या उदाहरणात चिखलातले चाक १०० पेलते, तर दुसऱ्याला १०० ऐवजी २५०-३०० मिळतात. पण गुणाकारच आहे तो. चाक हवेत उचलले गेले तर शून्याच्या तीनपटही शून्यच. ट्रॅकवर उंच कडेवर चढून आतले चाक उचलणाऱ्याला म्हणूनच ते अपुरे वाटते. भाच्याला मी विचारले, "तुझे चाक हवेत जाते, की फक्त हलके होते?" तो म्हणाला, हलके होते. मग गिअरवाले पुरे.

एवढ्यावर तो खूश झाला, पण मी अजून दोन प्रश्न विचारले, अब्बा गिऱ्हाइकाला विचारायचे तसे. टायर कोणते? साधेच, चार वर्षांचे. ब्रेकचे तेल कधी बदलले? आठवत नाही. हल्लीच्या गाड्यांत भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून डिफरन्शिअलचे काम करवून घेणारी यंत्रणा असते. रस्त्यावर ती चांगली, ट्रॅकवर दहा-बारा फेऱ्यांत ब्रेक तापवून टाकते. ज्या गाडीचे टायर दगड झालेत तिला कुठलेही डिफरन्शिअल पकड देऊ शकत नाही. ते असलेली पकड फक्त वाटून देते. आणि पोलोत एलएसडी टाकायचे तर गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. मग क्लच बदलायची वेळ येईल तेव्हाच ते काम करावे, दोनदा मजुरी कशाला.

कायद्याची गोष्टही सांगितली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत बदल करण्यावर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर निकाल दिला आहे. विमावाल्याला आधी लेखी विचार, नंतर नाही, एवढेच म्हणालो. त्याने "हो मामू" म्हटले, ज्याचा अर्थ सगळ्या घरांत एकच असतो.

एक आशा त्याने फार लाडाने धरली होती : एलएसडी टाकले की समृद्धीवर गाडी जास्त स्थिर राहील. समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला तेव्हापासून पोरांना पुण्याहून घरी येण्याचे कौतुक झाले आहे. पण सरळ रस्त्यावर ताशी १२० ने जाताना दोन्ही चाके सारखीच फिरतात. डिफरन्शिअल तेव्हा झोपलेले असते, कुठलेही असो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ माणसे गेली, तेव्हा आमच्या गावात कुणी डिफरन्शिअलची चर्चा करत नव्हते. झोप, टायर आणि वेग, एवढेच बोलत होते. मी त्याला म्हणालो, समृद्धीसाठी काही घ्यायचे असेल तर टायरमध्ये हवा भरायचे चांगले मशीन घे.

त्याने या वर्षी टायर घेतले आणि ब्रेकचे तेल बदलले. कोइम्बतूरला एक फेरी मारून आला. आतले चाक अजूनही भिरभिरते म्हणाला, पण पूर्वीपेक्षा उशिरा. गिअरवाले एलएसडी दिवाळीनंतर, क्लचबरोबर.

बकरी ईदला तो गावी आला. समृद्धीवरून शेलूबाजारला उतरला आणि घरी येताच चाचांना चक्कर मारायला घेऊन गेला. आता त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. लाकडी पाय आधी आत ठेवून ते पुढच्या सीटवर बसले. चौफुलीवर गाडी मंगरूळपीरकडे वळली तेव्हा मी मागे बसलो होतो. चाचांनी खाली वाकून चालकाच्या पायांकडे पाहिले, तीन पेडल मोजले आणि विचारले, "इसका लॉक किधर है?"

भाचा म्हणाला, "नहीं है, नाना."

"अच्छा," चाचा म्हणाले आणि खिडकी खाली केली.